शिट्टी नसलेला कुकर

दिवा लागलेला नव्हता. भांड्याच्या पोटाशी, खटक्याच्या वर, हरभऱ्याच्या डाळीएवढा जो नारिंगी ठिपका सकाळपासून दिसत होता तो दिसत नव्हता, आणि सदानंद हातात कोथिंबिरीची जुडी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात नुसता उभा राहिला. आधी त्याला वाटलं, बल्ब गेला असेल. पस्तीस वर्षं यंत्रांत काढलेल्या माणसाला आधी नेहमी बल्बच गेल्यासारखा वाटतो, कारण त्यात कुणाची चूक नसते. मग त्याची नजर भिंतीवरच्या सॉकेटकडे गेली. बटण बंद होतं. शेजारचं केटलीचं बटण बंद. त्याच्या शेजारचं मायक्रोवेव्हचं बंद. त्याने मान वळवून हॉलमध्ये पाहिलं, तर टीव्हीचं बंद, कोपऱ्यातल्या दिव्याचं बंद, फोनच्या चार्जरचंसुद्धा बंद. फ्रिज तेवढा चालू होता. घराबाहेर पडताना एखाद्या शिस्तीच्या माणसाने खोलीखोलीतून फिरून करावा तसा बंदोबस्त होता, आणि तो शिस्तीचा माणूस कोण हे शोधायला फार लांब जायला नको होतं. घड्याळात बारा वीस झाले होते. तो निघाला तेव्हा दहा दहा झाले होते. त्याने पुढे होऊन बटण दाबलं. दिवा लागला. भांड्याच्या अंगाला त्याने तळहात लावला, ते कोमट लागलं.

दोन तास दहा मिनिटं. आणि ते परत तापायला आणखी एक तास तरी. मुलीच्या शाळेतल्या मिस मॉरीन पाच वाजता जेवायला येणार होत्या. सदानंदने ही बेरीज केली आणि मग नको असताना पुन्हा केली. कोथिंबीर कुणी मागितली नव्हती. निघताना त्याची मुलगी ईशानी भांड्याबद्दल दोनच गोष्टी म्हणाली होती. झाकण उघडायचं नाही, आणि काही लागलं तर मेसेज कर. तिने बटणाचं नावही काढलं नव्हतं, कारण चालू बटण कुणी आपणहून बंद करील असं तिला वाटायचं काही कारणच नव्हतं. ती या आखाती देशात जन्मली होती. इथे एसीसुद्धा माणसं घरात नसताना चालू असतात. बाहेर पडताना बटणं बंद करायची हे सदानंदला कुणी शिकवलं असं आठवत नव्हतं. चिपळूणला असताना वडील दार ओढून घेण्याआधी एकदा मागे वळून सगळ्या घरावर नजर टाकायचे. पुढे तो तेहतीस वर्षांपूर्वी इथेच देऱ्यात, या बिल्डिंगपासून चार गल्ल्या पलीकडे, एका खोलीत पाच जणांबरोबर राहायला आला, तेव्हा तिथल्या दाराच्या आतल्या बाजूला हिंदीत कागद चिकटवलेला होता, की जो आखिर में निकलेगा वो सब स्विच बंद करेगा. शेजारच्या बिल्डिंगमध्ये कुणाचीतरी इस्त्री चालू राहून खोली जळाली होती. तेव्हापासून त्याचा हात दाराकडे जाण्याआधी बटणांकडे जातो. शारजाच्या घरी बायको, कुंदा, त्याची थट्टा करते, की हे गेले की घराला वाटतं आपण विकले गेलो. आज सकाळी तो हात असाच फिरला असणार. सदानंदला ते आठवतही नव्हतं, आणि त्याचंच त्याला जास्त वाईट वाटलं.

खरं म्हणजे आजची सकाळ त्याच्या आयुष्यातल्या चांगल्या सकाळींपैकी होती. शुक्रवारी संध्याकाळी शारजाहून तो मुलीकडे आला तेव्हा रस्त्यात नेहमीसारखी दीड तास गाड्यांची रांग होती. कुंदा बहिणीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला गेलेली, म्हणून एकट्याने शनिवार काढण्यापेक्षा बरं, एवढाच विचार. सहाला जाग आली तर ईशानी ओट्यापाशी उभी होती. ओटा हॉलमधूनच दिसत होता. समोर पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये लालभडक मांस. ती म्हणाली, “बाबा, तू आत बेडरूममध्ये जाऊन झोप. वास येईल.” ती एवढंच म्हणाली, पण ट्रे तिने फिरवून त्यावरची चिठ्ठी भिंतीकडे वळवलेली होती. सदानंदला सगळं ठाऊक होतं. गाईचं मांस होतं, परदेशातून आलेलं. बाजूला काळ्या बिअरचे दोन डबे होते, तिने रीतसर ओळखपत्र दाखवून दुकानातून आणलेले. आपल्या घरात रविवारी मटण व्हायचं, मासे तर रोजचेच, पण हे नाव घराच्या उंबऱ्याबाहेरच राहिलेलं. ईशानी चौदा वर्षांची असताना तिच्या दप्तरात एकदा बर्गरचा कागद सापडला होता, त्यावर स्पष्ट लिहिलेलं, तेव्हा सदानंद तीन दिवस तिच्याशी बोलला नव्हता. आता ती एकोणतीस वर्षांची आहे, घर तिचं आहे, आणि पाहुणी तिची आहे. त्याने चहा करून घेतला आणि ओट्याच्या अलीकडे स्टूल ओढून बसला. नाकात काय येईल त्याची तयारी करूनच बसला होता.

आणि काय झालं, तर तो बघतच राहिला. तिने एकेक तुकडा कागदी रुमालाने टिपून कोरडा केला. घाई नाही. जणू आंघोळ घातलेल्या पोराचं डोकं पुसावं तसं, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या. मीठ, मिरी, चिमूटभर मैदा. तवा कडकडीत तापला तेव्हा तिने त्यात चारच तुकडे ठेवले. सदानंदला राहवेना. “अगं, सगळे एकदम टाक ना. लवकर होईल.” तिने मान हलवली. “स्टीम होतात मग. ब्राउन नाही होत.” आणि चार तुकडे चहूबाजूंनी तांबूस होईपर्यंत ती चिमटा हातात धरून उभी राहिली. ते काढले, पुढचे चार. असे सात वेळा. तिच्या कपाळावर घाम आला होता, पण चेहरा शांत होता. सदानंदने असे चेहरे फार थोड्या वेल्डरांचे पाहिले होते. त्यांना रेघ सरळ येणार हे ठाऊक असतं, म्हणून ते घाई करत नाहीत. मग त्याच तव्यात कांदा, गाजराचे जाड तुकडे, लसूण, टोमॅटोचा गर. शेवटी तिने काळी बिअर ओतली. तव्याने मोठा फुत्कार सोडला, आणि तळाला जे काही लागलेलं होतं ते ती लाकडी उलथन्याने हळूहळू खरवडून त्यात मिसळू लागली. कुंदाने ते तारेच्या घासणीने घासून मोरीत घालवलं असतं, वर आणि बडबडली असती. ही पोर त्याचा कण न् कण गोळा करत होती. तेव्हा असा वास आला की सदानंदने चहाचा कप खाली ठेवला. भाजणीचा वास होता तो. थालीपिठासाठी कढईत धान्यं खमंग भाजली की येतो तसा, किंचित करपट, किंचित गोड. बिअर भाजलेल्या जवाची असते, असं ईशानीने सांगितलं. त्याने किळस यायची वाट पाहिली. ती आली नाही, आणि तो स्वतःवरच थोडा रागावला आणि मग हसला.

मग ते सगळं चिनी मातीच्या त्या जड भांड्यात गेलं. हा स्लो कुकर तिला लॅबमधल्या अरफाने कॅनडाला जाताना दिलेला. वर बटाटे, थाइमच्या काड्या, आणि दोन तमालपत्रं, तेवढी सदानंदला ओळखता आली. काचेचं झाकण लागलं. खटका ‘लो’वर. दिवा लागला. “झाकण उघडायचं नाही हां. नॉट इव्हन वन्स. एकदा उघडलं की अर्धा तास मागे जातं.” सदानंद म्हणाला, “मग शिजलं की नाही ते कळणार कसं?” ईशानी ॲप्रन सोडत म्हणाली, “नाही कळणार. वेळ झाली की होतं.” सदानंदच्या स्वयंपाकघरातल्या ज्ञानाला हे उत्तर बसेना. वरण तीन शिट्ट्या, बटाटे चार, राजमा सहा, हे त्याचं गणित. शिट्टी झाली की कुणीतरी काहीतरी करतंय असं वाटतं. हे भांडं नऊ तास गप्प बसणार होतं, ना उकळी, ना आवाज. “तुझ्यासाठी वांग्याची भाजी आणि पोळ्या केल्यायत, फ्रिजमध्ये, निळ्या डब्यात. वेळेवर खा,” असं सांगून ती आठला कामावर गेली. ती पिण्याचं पाणी तपासणाऱ्या लॅबमध्ये आहे. शनिवारी मुहैस्नाहच्या कामगारांच्या वस्तीत जाऊन गच्चीवरच्या टाक्यांमधलं पाणी बाटल्यांत भरून आणायचं असतं. जिन्यात तिचा फोन वाजला आणि सदानंदने दाराआडून ऐकलं. ती कुणा सुपरवायझरला अरबी मिसळलेल्या हिंदीत सांगत होती, “नहीं भैया, टंकी पूरी खाली करनी पड़ेगी. आज ही. बारा सौ आदमी वो पानी पीता है. यल्ला, मैं पहुँच रही हूँ.” एकही शब्द अडला नाही. सदानंद दाराच्या आत उभा राहून ते ऐकत होता आणि त्याचा ऊर भरून आला होता.

कारण ईशानी अडखळते. म्हणजे लहानपणी फार अडखळायची. आता जगात कुठे अडखळत नाही. फक्त त्याच्यासमोर अडखळते. हे कुंदाने त्याला कधी सांगितलं नाही आणि ईशानीने तर नाहीच, पण ते त्याला गेली दहा वर्षं माहीत आहे. रोजचं येणं-जाणं, खाणं-पिणं सहज बोलते. मनातलं काही त्याला सांगायचं असलं की घसा आवळल्यासारखा होतो, मान थोडी उजवीकडे जाते, आणि मग ती सोडून देते. ‘ओके बाबा.’ ‘फाइन बाबा.’ ‘टेक्स्ट करते.’ चारपाच वर्षांची होती तेव्हापासून तिचा शब्द अडला की पुढचा शब्द सदानंद द्यायचा. लाडाने द्यायचा. दुकानात, पाहुण्यांत, डॉक्टरकडे. पोरीला लाज वाटू नये म्हणून. ती “मला म... म...” म्हणाली की तो म्हणायचा, “मँगो ज्यूस,” आणि ती मान हलवायची आणि मँगो ज्यूस प्यायची. तिला तेच हवं होतं की नाही, हे विचारायचं त्याला कधी सुचलं नाही. दहावीनंतर काय करणार असं कुणी विचारलं तेव्हाही तिचं वाक्य त्यानेच पुरं केलं. तिने मान हलवली. चार सेकंद. त्याहून जास्त तो कधी थांबला असेल असं त्याला वाटत नाही.

हे त्याला दाखवलं मिस मॉरीननी, एका बोटाने. ईशानी दुसरीत होती. शारजाच्या त्या शाळेत पालकांना भेटायला बोलावलं होतं. मिस मॉरीन आयर्लंडच्या, तेव्हा पन्नाशीच्या असतील, उंच, हाडकुळ्या, उन्हाने नाक कायम सोललेलं. त्यांनी सदानंदशी बोलता बोलता मध्येच ईशानीला विचारलं, तुझे बाबा काय काम करतात? ईशानीने तोंड उघडलं आणि ती अडकली. सदानंदने लगेच तोंड उघडलं, आणि मिस मॉरीननी त्याच्याकडे न बघताच एक बोट वर केलं. रागाने नाही. रस्ता ओलांडताना मुलाला थांबवावं तसं. त्या ईशानीकडेच बघत होत्या. प्रोत्साहनाचं हसू नाही, मान डोलावणं नाही, कसली घाईच नाही. त्यांना जणू दुपारभर दुसरं काही काम नव्हतं. बाहेर आणखी पालक रांगेत बसले होते. भिंतीवर घड्याळ होतं आणि सदानंद त्या घड्याळाकडे बघत होता, म्हणून त्याला नक्की माहीत आहे, चाळीस सेकंद झाले. चाळीस सेकंद तोंड मिटून बसणं किती लांब असतं, हे ज्याने केलं त्यालाच कळेल. मग ईशानी म्हणाली, “माय फादर वेट्स टू सी इफ थिंग्ज बर्स्ट.” वस्तू फुटतायत का याची बाबा वाट बघतात. मिस मॉरीन अशा खळखळून हसल्या की रांगेतले लोक डोकावले. “अँड डू दे?” त्यांनी विचारलं. “नो,” ईशानी लगेच म्हणाली.

ते खरंच होतं. सदानंदचं काम तेच, आजही तेच. मोठमोठ्या पोलादी टाक्या बनून येतात, त्यांत पाणी भरायचं, दाब वाढवत वाढवत दीडपटीला न्यायचा, आणि मग पंप बंद करून अर्धा तास काट्याकडे बघत बसायचं. काटा हलला नाही तर टाकी पास. त्या अर्ध्या तासात तो कुणाला बोलू देत नाही, हात लावू देत नाही. नव्या पोरांना सांगतो, घाई केली तर टाकी खोटं सांगते. पोलादासाठी तो अर्धा अर्धा तास थांबत आला. ईशानी दुसरीत असतानाच तिने ते पाहिलं होतं, आणि त्याला मात्र ते त्या खोलीतून बाहेर पडल्यावर गाडीत बसून कळलं. कळलं म्हणून वळलं असं नाही. मिस मॉरीन दोन वर्षं रोज शाळा सुटल्यावर वीस मिनिटं तिच्यापाशी बसायच्या. फी नाही, कुठे नोंद नाही. ईशानी जगाशी बोलायला लागली. घरी सदानंद होताच, चार सेकंदांवाला.

त्या मिस मॉरीन आता सोमवारी कायमच्या परत चालल्या होत्या, एकतीस वर्षांनी. मागे कधीतरी त्या ईशानीला बोलून गेल्या होत्या की त्यांच्या आईच्या हातचा स्ट्यू त्यांनी एकतीस वर्षांपूर्वी शेवटचा खाल्ला, त्यानंतर तो त्यांना कुणी करून घातला नाही. स्वतः केलेला त्यांनी जमेला धरला नाही. ईशानीने तीन रविवार खर्ची घालून तो करून पाहिला होता. पहिला पाणचट झाला, दुसरा कडू. तिसरा जमला म्हणून तिने त्यांना बोलावलं. आणि हा चौथा, खरा, सदानंदने दोन तास दहा मिनिटं बंद करून ठेवला, आणि त्या वेळात तो खाडीवर उभा राहून लाकडी गलबतांवर टायर आणि फ्रिज चढवणारी माणसं बघत होता, इथे पहिल्यांदा आलो तेव्हा याच धक्क्यावर बसून घरी पत्र लिहायचो वगैरे, आणि स्वतःवर खूश होता.

त्याने पुण्याला फोन लावला. कुंदा म्हणाली, “अहो, एवढ्यात? काय झालं?” त्याने सांगितलं. मग ती म्हणाली, “बटण तुम्ही बंद केलंत. बरं. म्हणजे पोरीच्या घराचाही तुम्ही बंदोबस्त केलात.”

“थट्टा नको ना. मी काय म्हणतो, इथे तू दिलेला प्रेशर कुकर आहे, पाच लिटरचा. त्यात घालतो. चार शिट्ट्या. पंचवीस मिनिटांत खलास. मग परत या भांड्यात ओतून ठेवतो. तिला कळणारसुद्धा नाही.”

“तुम्ही घालणार? हाताने?”

“डावाने.”

“आणि मग त्याच कुकरात ती मंगळवारी वरणभात लावणार.”

“घासीन मी. कुंदा, तो प्रश्न नाहीये आत्ता.”

“तो प्रश्न नाहीये,” कुंदा म्हणाली, आणि तिचा आवाज बदलला. “तिला फोन करून सांगा ना सरळ.”

“ती टाकीवर चढलेली असेल. फोन खाली गाडीत.”

“मग मेसेज टाका आणि बसा. तुम्हाला काहीतरी करायचं असतं हो सारखं. नका करू काही.” आतून बहिणीने तिला हाक मारली. “जेवा वेळेवर,” असं म्हणून तिने फोन ठेवला.

सदानंदने तरी कुकर काढला. तो ओट्याखाली मागच्या बाजूला होता, शिट्टी वेगळी, वाटीत ठेवलेली. त्याने कुकर भांड्याशेजारी ठेवला, डाव काढला, बाह्या दुमडल्या. काचेच्या झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब धरले होते आणि त्यांच्याआड सगळं काळसर, तांबूस, गप्प. एक बटाट्याचं टोक वर आलं होतं. पंचवीस मिनिटं. पाचच्या आत काय, दोनच्या आत सगळं जिथल्या तिथे. ईशानी येईल, चव बघेल, कदाचित म्हणेल की बटाटे जरा जास्त झाले. गाजरं थोडी विरघळली. तिला वाटेल आपलंच काही चुकलं. आणि ती मान हलवील आणि तेच वाढील. सदानंदचा हात झाकणाच्या मुठीवर होता. मूठ आता गरम व्हायला लागली होती. आणि त्याच्या मनात अगदी स्पष्ट आलं की हे तर मँगो ज्यूस आहे. सकाळी सहापासून तिने जे एकेक करून मांडलं होतं, तिच्या मिससाठी, तिच्या मनात होतं तसं, ते मधूनच उचलून आपण आपल्या शब्दांत पुरं करून टाकणार. आणि तिला पत्ताही लागू देणार नाही. एवढं तर लहानपणीही केलं नव्हतं. त्याने हात काढला. कुकर परत ओट्याखाली मागे सारला आणि शिट्टी वाटीत ठेवली.

‘लो’च्या शेजारी ‘हाय’चा खटका होता. तो त्याला दिसला. पुढच्या मार्चमध्ये सदानंदचा व्हिसा संपतो, मग पुणं, आणि मग ईशानी म्हणजे फोनवरचे दोन शब्द. त्यामुळे आज सगळं नीट व्हावं, असं त्याला फार वाटत होतं. त्याने ‘लो’ तसंच ठेवलं. फोन घेऊन त्याने लिहिलं, “मी खाली गेलो तेव्हा बटण बंद केलं. सवयीने. दहा दहा ते बारा वीस बंद होतं. आता चालू आहे, लोवरच. झाकण उघडलेलं नाही. चूक माझी.” पुढे काहीतरी समजावणीचं लिहायला घेतलं, ते पुसलं. पाठवलं. एकच टिक आली. स्टूल त्याने भांड्यासमोर ओढलं आणि बसला.

बसणं म्हणजे काय ते त्या दुपारी त्याला कळलं असं म्हणायला हरकत नाही. आधी तो दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होता, मग दहा, मग विसरला. दीडच्या सुमाराला थेंब झाकणावरून घसरून कडेला यायला लागले. दोनला कडेने एक बुडबुडा आला, फुटला, आणि बराच वेळ दुसरा आला नाही. तो आला तेव्हा सदानंद पुढे झुकला. वास आधी नुसता कोपऱ्यात होता, तो हळूहळू पुढे आला. मिरी, तमालपत्र, आणि सगळ्याखाली ती भाजणी. खाली गल्लीत ट्रकवाले ओरडत होते, अजान झाली, वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली. कुठल्याही टाकीकडे आपण असं बघितलं नसेल असं त्याला वाटलं. टाकी फुटू नये म्हणून बघायचं असतं. इथे काही फुटणार नव्हतं. मांस आपापलं मऊ होत होतं, बटाटा आपापला शिजत होता, आणि त्याची मदत कुणालाच नको होती. हे ज्याला सुचलं त्या माणसाबद्दल, त्या थंड पावसाळी देशातल्या कुठल्यातरी बाईबद्दल, जिने पहिल्यांदा कडक मांस आणि उरलेली बिअर चुलीवर ठेवून शेताची वाट धरली असेल, तिच्याबद्दल त्याला एकदम फार आदर वाटला. आणि मिस मॉरीनबद्दल. त्या शनिवारी तो मनातल्या मनात त्यांना जितकं बोलला तितकं वीस वर्षांत समोर बोलला नव्हता. दोनदा त्याला वाटलं पाणी प्यावं, पण ते उठणं राहूनच गेलं.

पावणेचारला कुलपात किल्ली फिरली. ईशानी दारातच थांबली. कपाळाला धूळ, गळ्यात ओळखपत्र, एका हातात फोन. मेसेजच्या टिक्स निळ्या झाल्या होत्या का, हे बघायचं सदानंदला धैर्य झालं नव्हतं. ती बूट न काढताच आत आली, आधी भांड्यापाशी गेली, वाकून काचेतून पाहिलं, भांड्याला हात लावला, घड्याळ पाहिलं. बोटांवर काहीतरी मोजलं. मग फोनवर आवाज भरून पाठवला, “मिस, इट्स ईशानी. डिनर इज रनिंग लेट. सेव्हन इन्स्टेड ऑफ फाइव्ह, इज दॅट ओके?” आणि लगेचच, मिनिटही झालं नसेल, फोनमधून तो जुना, आता थोडा कापरा झालेला आवाज आला, “डार्लिंग, आय हॅव वेटेड थर्टी-वन इयर्स. टेक युअर टाइम.” ईशानी हसली. मग तिने फोन ओट्यावर ठेवला आणि सदानंदकडे वळली.

तिने पाहिलं की तो स्टुलावर बसलाय. सकाळच्याच जागी, पण भांड्याकडे तोंड करून. ओट्यावर कोथिंबिरीची जुडी, सुकलेली. डाव, कोरडा. बाह्या अजून दुमडलेल्या. तिची नजर एकेका गोष्टीवरून फिरली आणि फ्रिजकडे जाऊन परत आली. “बाबा,” ती म्हणाली, “तू...” आणि तिचा घसा आवळला. मान थोडी उजवीकडे गेली.

सदानंदला पुढचा शब्द माहीत होता. एक नाही, पाचपंचवीस माहीत होते. तू असं कसं केलंस. तू नेहमीच असं करतोस. तू आलाच नसतास तर बरं झालं असतं. सगळे त्याच्या जिभेच्या टोकावर रांगेत उभे होते, आणि त्यातला कुठलाही तिच्या हातात ठेवून तिची सुटका करणं त्याला सहज जमलं असतं. त्याने ओठ मिटले. भांड्याकडे बघितलं नाही, घड्याळाकडे बघितलं नाही. तिच्याकडे बघितलं. तिच्या ओठांच्या कडा थरथरत होत्या. “तू... ज...” तिने डोळे मिटले. नेहमी इथेच ती सोडून देते, ओके बाबा म्हणते. सदानंद हलला नाही. पंप बंद केल्यावर बसतो तसा बसून राहिला, फक्त आज त्याला कसलीच भीती नव्हती. तिला लागतील तितकी मिनिटं लागू देत. आपल्याला दुपारभर दुसरं काम नाही. ईशानीने डोळे उघडले, त्याला तसंच बसलेलं पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं.

“तू जेवलास का?” ती म्हणाली.

त्याला बोलायचं होतं. नाही म्हणायचं होतं, विसरलो म्हणायचं होतं, आणखीही बरंच काही. त्याने तोंड उघडलं तर घशातून शब्दच येईना. ईशानीने ओळखपत्र गळ्यातून काढलं, दुसरं स्टूल ओढून त्याच्यासमोर बसली, आणि काही न बोलता थांबली.